तीन वेळा, तिन्ही पाचच्या आत: हळदीच्या एका मेलचं प्रकरण

एका शेतकरी कंपनीच्या अध्यक्षांच्या पुतण्याने माझ्यापुढे कागद ठेवला तेव्हा तो खटला जिंकून आल्यासारखा बसला होता. कागदावर एका ई-मेलची आतली बाजू छापलेली होती आणि त्यात तीन ठिकाणी वेळेभोवती लाल गोल काढले होते. १६:२२. १५:४४. ०८:४४. "सर, मुदत संध्याकाळी पाचची होती," तो म्हणाला. "यातली कोणतीबी वेळ धरा. पाचच्या आतच हाय का नाही?"

होती खरी. आणि तरीही मेल रात्री सव्वानऊला गेला होता.

मी नांदेडला राहतो. छोट्या कार्यालयांचे संगणक, नेटवर्क आणि मेलची खाती लावून देणं, आणि ती बिघडली की निस्तरणं, हा माझा धंदा. हे प्रकरण वसमतजवळच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं आहे. कंपनीचं आणि माणसांचं नाव घालत नाही. तालुका लहान आहे, ओळखणारे तसेही ओळखतील.

वसमतचा हा पट्टा पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यावर जगतो. केळी, ऊस आणि मुख्य म्हणजे हळद. वसमतच्या हळदीला आता भौगोलिक मानांकन आहे. मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीच्या आवारात, कट्टे लागतात, लिलाव होतो, आडत (आडत्याची दलाली) कापली जाते. आडतीत जाणारा पैसा वाचवायचा आणि मसाला कंपन्यांना थेट माल द्यायचा, म्हणून या शेतकऱ्यांनी कंपनी काढली. कार्यालय म्हणजे मोंढ्याजवळचा एक गाळा. त्यात एक संगणक, एक प्रिंटर आणि एक सीईओ, म्हणजे परभणीच्या कृषी विद्यापीठातून शिकून आलेली पंचविशीतली मुलगी. तिला सगळे ताई म्हणतात, तिच्या वडिलांच्या वयाचे संचालकसुद्धा. अध्यक्ष तात्या, साठी ओलांडलेले. कंपनीचा मेल ते फोनवर बघतात, कारण दिवसाचा बराच वेळ ते शेतात किंवा मोंढ्यात असतात. संगणकापुढे बसायला त्यांना आवडत नाही. त्यात काही गैर आहे असं मला वाटत नाही. अर्ध्या मराठवाड्याचा धंदा आज फोनवरच्या मेलवर चालतो, फक्त तो मेल कसा चालतो हे कुणी कुणाला सांगितलेलं नसतं.

घडलं ते असं. वैशाखात बाहेरच्या एका मसाला कंपनीच्या खरेदी खात्याचा चौकशीचा मेल आला. वीस टन पॉलिश केलेली हळदीची कांडी, कर्क्युमिन (हळदीतला पिवळा घटक) किमान तीन टक्के, दरपत्रक पुढच्या बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत मेलने. सोबत कागदपत्रं: नोंदणी, जीएसटी, अन्न परवाना, पॅन, रद्द केलेला चेक, प्रयोगशाळेचा अहवाल, मालाचे फोटो. प्रयोगशाळेचा अहवाल बुधवारी दुपारी दोनला हातात आला. तात्या तेव्हा मोंढ्यात होते. त्यांनी एका आडतीच्या टेबलावर कागद मांडले, एकेकाचा फोटो काढला, नऊ फोटो मेलला जोडले आणि चार बावीसला 'पाठवा' दाबलं. खाली 'पाठवत आहे' अशी पट्टी आली आणि गेली. इनबॉक्स समोर आला. तात्यांनी फोन खिशात टाकला आणि चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी खरेदी खात्याचं दोन ओळींचं उत्तर: दरपत्रक मुदतीनंतर मिळालं, विचारात घेता येत नाही.

आता तात्यांच्या फोनमध्ये 'सेंट' उघडलं तर हाच मेल दिसत होता, आणि त्याच्यापुढे वेळ होती ४:२२. "म्या चार बावीसला दाबलं, हे बघा की. मग कामून उशीर म्हनतेत?" त्यांनी स्क्रीनशॉट काढून खरेदी खात्याला पाठवला. उत्तर आलं नाही. पुतण्या कॉलेजात शिकतो, त्याचा जीमेल तात्यांनी सीसीमध्ये घातलेला होता. त्याने सायबर कॅफेत जाऊन संगणकावर जीमेल उघडलं, मेलची मूळ प्रत काढली (फोनच्या जीमेल ॲपात ही सोय सापडत नाही, संगणकावरच बघावं लागतं) आणि तो कागद घेऊन दोघं माझ्याकडे आले. वकिलाची नोटीस द्यायची बोलणी सुरू होती.

कागद मी खालून वर वाचायला घेतला. मेलचा हेडर, म्हणजे त्याच्या प्रवासाची आतली नोंद, तसाच वाचायचा असतो. मेल ज्या ज्या सर्व्हरमधून जातो तो प्रत्येक सर्व्हर आपली एक 'रिसीव्ड' ओळ सगळ्यात वर चिकटवतो, पोस्टाच्या शिक्क्यासारखी. म्हणजे सगळ्यात खालचा शिक्का पहिल्या सर्व्हरचा आणि सगळ्यात वरचा शेवटच्याचा. 'डेट' नावाची ओळ मात्र शिक्का नव्हे. ती पत्राच्या कोपऱ्यात आपण स्वतः लिहितो त्या तारखेसारखी असते. तात्यांच्या फोनमधलं ॲप ती ओळ 'पाठवा' दाबलं त्या क्षणी लिहून टाकतं. मेल पुढे तासभर पडून राहिला तरी ती बदलत नाही.

मी पुतण्याला एकच विचारलं. तात्यांनी दाबलं चार बावीसला, आणि पहिल्या सर्व्हरचा शिक्का तीन चव्वेचाळीसचा. दाबायच्या आधी अडतीस मिनिटं मेल पोचला कसा?

तो गप्प झाला. तात्या म्हणाले, "आन् हे आठ चव्वेचाळीस? सकाळी तर म्या हळदीला पानी देत होतो."

वेळेच्या पुढे जे लहान आकडे असतात तिकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. डेटची ओळ होती १६:२२ +०५३०, म्हणजे भारतीय वेळ. तात्यांच्या कंपनीचा मेल ज्या होस्टिंगवर आहे त्या सर्व्हरची ओळ १५:४४ +००००, म्हणजे ग्रीनिचची वेळ. तिच्यात साडेपाच तास मिळवले की रात्रीचे २१:१४ होतात. आणि जीमेलच्या सर्व्हरची ओळ ०८:४४ -०७००. गूगलचे सर्व्हर शिक्का मारताना अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं घड्याळ वापरतात, उन्हाळ्यात ते ग्रीनिचच्या सात तास मागे असतं. आठ चव्वेचाळीसमध्ये सात मिळवले की पंधरा चव्वेचाळीस, त्यात साडेपाच मिळवले की पुन्हा २१:१४. दोन शिक्के एकच वेळ सांगत होते. वेगळं सांगत होती ती फक्त फोनने स्वतः लिहिलेली ओळ.

'सेंट'मधल्या प्रतीबद्दलही सांगायला हवं, कारण तिच्यावर भरवसा ठेवून लोक भांडतात. या ॲपात ती प्रत फोन स्वतःच तयार करून ठेवतो. ती आपली कार्बन कॉपी. तिच्यात एकही 'रिसीव्ड' ओळ नसते, कारण ती कुठे गेलेलीच नसते. तात्यांनी खरेदी खात्याला स्क्रीनशॉट पाठवला तो प्रामाणिकपणे, पण तो पुरावा म्हणून शून्य होता.

नोटिशीचं मी तिथेच थांबवलं. मी वकील नाही, पण माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधलं कलम १३ माझ्या धंद्याच्या कामाचं म्हणून माहीत आहे. वेगळा करार नसेल तर, पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणकीय साधनात मेल शिरतो तेव्हा तो 'पाठवला' असं धरलं जातं. आणि समोरच्याने मेल घेण्यासाठी एखादा पत्ता ठरवून दिला असेल, तर त्या पत्त्याच्या यंत्रणेत तो शिरतो तेव्हा 'मिळाला'. बोट कधी दाबलं याला कायद्यात जागा नाही. फोन तात्यांच्या खिशात, आउटबॉक्स फोनमध्ये, म्हणजे रात्री सव्वानऊपर्यंत पत्र खिशातच होतं. ते लाल पेटीत पडलंच नव्हतं.

मेल अडकला का, याचं उत्तर तात्यांपासून आडतीच्या मुनीमापर्यंत सगळ्यांनी एकच दिलं: रेंज नव्हती. आपल्याकडे लाईट आणि रेंज यांच्या डोक्यावर काहीही घालता येतं. रेंज कमी होती हे खरंच. पत्र्याचं शेड, लिलावाची वेळ, शेकडो फोन एकाच टॉवरवर. पण त्याच शेडमधून त्याच वेळी तात्यांचे व्हॉट्सॲपचे निरोप जात होते.

खरी गोष्ट नऊ फोटोंत होती. फोनच्या कॅमेऱ्याने काढलेला एकेक फोटो दोन एमबीच्या आसपास, नऊ मिळून सतरा एमबी. मेल पाठवायची एसएमटीपी ही यंत्रणा १९८२ सालची, आणि ती अक्षरं वाहून नेण्यासाठी बनलेली. फोटो तिच्यातून न्यायचा तर आधी त्याची अक्षरं करावी लागतात, दर तीन बाइटची चार. म्हणजे ओझं एक तृतीयांशाने वाढतं. सतराचे जवळपास तेवीस झाले. मोंढ्यातल्या गर्दीत सेकंदाला अर्धा मेगाबिट (एका एमबीचे आठ मेगाबिट) वर चढत असेल, तर तेवीस एमबीला सहा मिनिटांहून जास्त लागतात. आणि मधे जोडणी तुटली तर? सिनेमा डाउनलोड करताना जिथे थांबला तिथून पुढे सुरू होतो, तसं मेलचं होत नाही. निम्मा चढलेला मेल सर्व्हर टाकून देतो आणि फोनला पहिल्या अक्षरापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. सगळा मेल पोचल्यावर सर्व्हर २५० असा आकडा परत पाठवतो. तो म्हणजे 'घेतला, आता जबाबदारी माझी'. तो आकडा येईपर्यंत मेल फोनचाच. तात्यांच्या फोनने त्या दुपारी किती वेळा चढाई केली आणि किती वेळा पायथ्याशी परत आला, ते मोजायची सोय नाही.

पाचच्या सुमारास बॅटरी पंधरा टक्क्यांवर आली आणि फोनने आपोआप बॅटरी सेव्हर लावला. त्या अवस्थेत बरीच ॲप पडद्याआड काम करणं थांबवतात. मेलचं ॲप उघडलं असतं तर त्याने पुन्हा प्रयत्न केला असता, पण तात्या कशाला उघडतील? त्यांच्या हिशेबी मेल गेलेला होता. न गेल्याची सूचना त्यांना मिळाली नाही, कारण फोन सारखा वाजतो म्हणून महिन्यापूर्वी याच पुतण्याने त्या ॲपच्या सूचना बंद करून दिल्या होत्या. (हे निघालं तेव्हा पुतण्या पाणी प्यायला उठला.) रात्री घरी आल्यावर लाईट आली, तात्यांनी फोन चार्जिंगला लावला, बॅटरी सेव्हर उतरला, गावात टॉवरवर गर्दी नव्हती. नऊ चौदाला मेल गेला.

मग प्रश्न पडतो की कागदांचे फोटो काढायची वेळच का आली. नोंदणी, जीएसटी, पॅन हे सगळं ताईंच्या संगणकात पीडीएफमध्ये होतं. तात्यांकडेही दरपत्रकाची फाइल होती, डीटीपीवाल्याने पाठवलेली. पण ती त्यांनी फोनवर उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा काला दिसला. आपल्याकडचे बरेच डीटीपीवाले अजून युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टांत टाइप करतात. त्या फाइलीत मुळात मराठी अक्षरं नसतातच, रोमन अक्षरांवर मराठी मुखवटा चढवलेला असतो. फॉन्ट ज्या संगणकात आहे तिथे मुखवटा दिसतो, फोनवर तो उतरतो. तात्यांना वाटलं फाइल खराब झाली. त्यांनी छापील कागद घेतला आणि फोटो काढला. एकदा फोटोचा मार्ग धरला की बाकीचेही फोटोच. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, दुपारचे चार वाजलेले असताना तर नक्कीच.

पण ताईंना फोन करून "पीडीएफ पाठवा" म्हणणं सोपं नव्हतं का? होतं. तात्यांनी तो केला नाही. का नाही केला, हे मला कळायला दोन फेऱ्या लागल्या. दुसऱ्या फेरीत मी वसमतला गाळ्यात गेलो, तेव्हा तात्या बाहेर गेलेले बघून ताई म्हणाल्या, "सर, एक विचारू? तात्या सगळ्यांना सांगतात की मी मेल डिलीट करते. मी एकही मेल कधी डिलीट केलेला नाही."

तात्यांनी मला आधीच उलट बाजू सांगितली होती. सकाळी साडेसातला शेतात ते मेल वाचत. अकराच्या सुमारास पुन्हा उघडून बघावं तर तोच मेल गायब. एकदा नाही, रोज. रविवारी मात्र मेल जागेवर राहायचे. रविवारी ताई येत नाहीत. यावरून कोणताही माणूस जो निष्कर्ष काढेल तोच त्यांनी काढला. वर्षभर त्यांनी ताईंच्या तोंडावर काही म्हटलं नाही, फक्त सकाळी आलेल्या प्रत्येक मेलचा स्क्रीनशॉट काढून ठेवायला लागले आणि ताईंना कामं सांगणं कमी केलं. ताईंचं मत असं की तात्यांना फोन हाताळता येत नाही, बोट लागून मेल उडतात.

ताईंच्या संगणकाची सेटिंग उघडली आणि दोन मिनिटांत सापडलं. कंपनीची वेबसाइट करून देणाऱ्याने मेल लावताना संगणकावर पॉप ही मेल उतरवायची पद्धत लावली होती, आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' या चौकटीत खूण नव्हती. तात्यांच्या फोनवर आयमॅप ही दुसरी पद्धत होती, कारण फोनने ती आपोआप निवडली.

पॉप ही पद्धत १९८४ सालची, तिची आज चालणारी तिसरी आवृत्ती १९८८ची. तेव्हा एका माणसाचा एकच संगणक असायचा आणि टेलिफोनची तार थोडा वेळच जोडलेली असायची. म्हणून पॉपचा रिवाज असा की जोडणी करायची, आलेली सगळी पत्रं उचलायची, टपालघरातला खण रिकामा करायचा आणि निघायचं. आयमॅप १९८६ साली स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी बांधलं ते वेगळ्या विचाराने. त्यात पत्रं सर्व्हरवरच राहतात, आपण कुठूनही जाऊन ती बघायची, चावडीवर लावलेल्या जाहीर नोटिशीसारखी. एकाच खात्यावर एक जण पॉपने आणि दुसरा आयमॅपने बसला की काय होतं? एक जण चावडीवरची नोटीस वाचतो, दुसरा येऊन ती काढून घरी नेतो. नेणाऱ्याला वाटतं आपण आपलं टपाल उचललं. ताई साडेदहाला संगणक लावायच्या, मेलचा प्रोग्रॅम आपोआप उघडायचा, सर्व्हर रिकामा व्हायचा, आणि तात्यांचा फोन पुढच्या फेरीत सर्व्हरकडे बघून इमानदारीने आपलीही यादी रिकामी करायचा.

हे मी दोघांना एकत्र बसवून करून दाखवलं. फोन टेबलावर ठेवला, पुतण्याला एक मेल पाठवायला लावला, फोनवर तो आला. मग संगणकावर प्रोग्रॅम उघडला. फोनची यादी खाली ओढली. मेल गेला. तात्या बराच वेळ फोनकडे बघत राहिले, मग ताईंना म्हणाले, "माय, मला माफ कर." ताई म्हणाल्या, "तात्या, मी पण तुम्हाला नावं ठेवत होते." माझ्या धंद्यात असे प्रसंग फार येत नाहीत, म्हणून लिहिलं.

सेटिंग बदलणं एवढं सोपं नसतं हेही नोंदवतो, कारण घाईत लोक इथेच घात करून घेतात. जुने मेल आता सर्व्हरवर नव्हते, फक्त त्या एका संगणकात होते. पॉपचं खातं काढून टाकलं असतं तर काही प्रोग्रॅम त्याच्यासोबत मेलही पुसतात. म्हणून आधी सगळ्याची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली. मग त्याच प्रोग्रॅममध्ये आयमॅपचं दुसरं खातं जोडलं आणि जुने मेल ओढून त्यात टाकले. सगळे मावले नाहीत, होस्टिंगवर खात्याला एक जीबीचीच जागा होती. दोन वर्षांचे वर चढवले, बाकीचे डिस्कवर ठेवले.

हे ओढाताणीचं काम चालू असताना ताईंना तो मेल सापडला. चौकशीच्या मेलनंतरचा, त्या आठवड्यातल्या शनिवारचा, खरेदी खात्याकडून सगळ्या पुरवठादारांना गेलेला. चार ओळी. त्यातली तिसरी अशी होती की मुदतीच्या आत फक्त दर आणि प्रमाण मेलच्या मजकुरात कळवावं, कागदपत्रं दर मान्य झाल्यावर मागवली जातील.

त्या शनिवारी ताई लग्नाला गेल्या होत्या. हिशेबाचं काम करणाऱ्या मुलाने सकाळी संगणक लावला, मेलचा प्रोग्रॅम आपोआप उघडला, मेल उचलले गेले. त्याने ते बघितले नाहीत, ते त्याचं काम नव्हतं. सर्व्हर रिकामा झाला. तात्यांच्या फोनवर तो मेल कधी उमटलाच नाही, किंवा उमटून ते बघायच्या आत निघून गेला. सोमवारी ताई आल्या, नव्या मेलच्या ढिगात तो खाली सरकला. मी घड्याळं लावत बसलो होतो, आणि मुळात नऊपैकी एकही फोटो पाठवायची गरज नव्हती. दराची एक ओळ, दोन-चार केबीचा मेल, पत्र्याच्या शेडमधूनही पापणी लवायच्या आत गेला असता.

खरेदी खात्याची बाजू. मुदत मुदतच असते आणि सव्वानऊला आलेला दर त्यांनी घेतला असता तर वेळेत दिलेल्यांवर अन्याय झाला असता. तिथे माझी तक्रार नाही. पहिल्या मेलमध्ये मात्र कागदपत्रांची यादी एखाद्या मोठ्या कारखान्याला पाठवावी तशी पाठवली होती, आणि समोर फोनवर कारभार करणारी माणसं आहेत हे त्यांना चार दिवसांनी सुचलं. सुधारणा कळवताना एखादा फोन केला असता तर बरं झालं असतं.

माल शेवटी वसमतच्या मोंढ्यातच लिलावात गेला, आडत कापून.

फोनवर मी जे बदललं ते थोडंच आहे. मेलच्या ॲपला बॅटरी सेव्हर आणि डेटा सेव्हर दोन्हींतून सूट दिली. सूचना परत सुरू केल्या, फक्त आवाज काढून टाकला. आउटबॉक्स हा कप्पा तात्यांनी तोपर्यंत कधी बघितलेलाच नव्हता, तीन आडव्या रेघांमागे तो दडलेला असतो. आता 'पाठवा' दाबलं की आउटबॉक्स उघडायचा आणि तो रिकामा होईपर्यंत फोन खिशात टाकायचा नाही, एवढं त्यांनी अंगी लावून घेतलंय. कागद पाठवायचाच झाला तर फोटो काढायचा नाही. फोनमधल्या स्कॅनने काळा-पांढरा पीडीएफ करायचा. तेच नऊ कागद आम्ही तसे करून बघितले, सगळे मिळून दीड एमबीसुद्धा भरले नाहीत. डीटीपीवाल्याला ताईंनी सांगितलंय की युनिकोडमध्ये टाइप कर, जमत नसेल तर निदान पीडीएफ दे. पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा फाइलीच्या पोटातच बसतो, मग फोनवरही अक्षरं नीट दिसतात.

सीसीची सवय तात्यांना आधीपासून होती, ती तशीच राहू दिली, नाव मात्र बदललं. आता सीसी ताईंच्या खासगी जीमेलला जाते. त्यांच्याकडे आला म्हणजे मेल फोनमधून निघाला, एवढं कळतं. समोरच्याला मिळाला की नाही हे त्यावरून कळत नाही, आणि 'वाचल्याची पोच' मागायची सोय असते तिच्यावर मी कुणालाच विसंबू देत नाही, कारण ती द्यायची की नाही हे समोरच्याच्या हातात असतं. तिथे फोन उचलून विचारणं हाच उपाय. तात्यांना ते मेलपेक्षा चांगलं जमतं.

ज्येष्ठात दुसऱ्या एका खरेदीदाराची चौकशी आली, दहा टनांची. तात्यांनी सकाळी अकराला, बांधावर उभं राहून, तीन ओळींत दर कळवला. मिनिटभराने मला फोन. "सर, आउटबॉक्स रिकामा झाला. ताईकडं पोचला. त्यांनाबी फोन लावला, 'मिळाला' म्हणाले." मी विचारलं, तुमचं बाकी कसं काय. "बाकी ऊन लई हाय," म्हणाले आणि ठेवून दिला.

एक गोष्ट मी तीनदा सांगूनही झालेली नाही. कंपनीच्या खात्याचा पासवर्ड आहे तोच आहे: तात्यांच्या थोरल्या बैलाचं नाव आणि पुढे १२३. तात्यांची अध्यक्षपदाची मुदत भाद्रपदात वार्षिक सभेला संपते, नवा अध्यक्ष येईल, त्याच्या फोनवर हे खातं लावायचं, यांच्या फोनवरून काढायचं, तेव्हा तरी बदला म्हटलं. ताई म्हणतात बदलू. बैल मात्र दर पोळ्याला गावभर मिरवतो, आणि त्याच्या शिंगांवर ते नाव रंगवलेलं असतं.